दातउपट्याच्या गावात चार दिवस

गावाला माणसाचं नाव देणं आपल्याला नवीन नाही. पण टोपणनाव, आणि तेही 'दातउपट्या'? ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या तिरादेंतेस गावाच्या नावाचा अर्थ हाच. तिकडचे लोक ते 'चिरादेंचिस' असं म्हणतात. मी पहिले दोन दिवस लिहिल्याप्रमाणे म्हणत राहिले आणि लोक कौतुकाने हसत राहिले.

बहिणीचा मुलगा तीन वर्षं बेलो होरिझोंतेला नोकरीला आहे. "मावशी, रिओ सगळेच बघतात. तू आमचं मिनास बघ," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा. शेवटी जूनच्या अखेरीस गेले. त्याने चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही निघालो ते या सात-आठ हजार वस्तीच्या गावाकडे.

शुक्रवार: गाडी म्हणजे काय आणि गाडी म्हणजे काय नाही

बेलो होरिझोंतेहून बसने साऊं जुआंव देल रेई. चारेक तास, मी निम्मा वेळ झोपले. खरी गंमत त्यापुढच्या बारा किलोमीटरची. तिथून तिरादेंतेसपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी जाते. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू 1881 मध्ये तिच्या उद्घाटनाला आला होता, आणि हा टप्पा अजून चालू आहे. रुळांची रुंदी 76 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा अर्धा फूट जास्त. डबे लाकडी, इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याची. शिट्टी वाजली की डब्यातली सगळी माणसं, आजोबांसकट, सात वर्षांची होतात.

चढताना एका वयस्क कर्मचाऱ्याने माझ्या बॅगकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. त्यात 'त्रेंइ' हा शब्द होता. त्रेंइ म्हणजे ट्रेन एवढं मला माहीत. मी म्हटलं, हो हो, हीच ट्रेन. भाचा हसून खाली बसला. मिनासमध्ये कुठल्याही वस्तूला त्रेंइच म्हणतात. बॅग त्रेंइ, चमचा त्रेंइ, ताटात न ओळखता आलेला पदार्थही त्रेंइ. आपण 'ते हे दे जरा' म्हणतो तसंच. आणि या खऱ्याखुऱ्या ट्रेनला मात्र म्हणतात 'मारिया फुमासा', धुरकट मारिया!

रूळ नदीच्या काठाकाठाने जातात. नदीचं नाव 'रिओ दास मोर्तिस', मृत्यूंची नदी. सोनं सापडल्यावर आधी आलेले साऊं पाउलोकडचे आणि मागून आलेले बाकीचे, यांच्यात 1707 ते 1709 च्या सुमारास या खोऱ्यात चकमकी झाल्या. आज तिथे गाई चरत होत्या. एका बांधावर तीन पोरं उभी राहून गाडीला हात करत होती. मीही जोरात केला. डोळ्यात कोळसा गेला.

तिरादेंतेसला उतरून लगेच बाहेर पळू नका. परतीसाठी इंजिनाचं तोंड फिरवावं लागतं. ते एका गोल फिरत्या चकतीवर आणतात, आणि मग दोन माणसं खांदा लावून अख्खं इंजिन हाताने फिरवतात. जात्याचा खुंटा धरून फिरवावं तसं. मी उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. तोवर स्टेशनबाहेरच्या घोडागाड्या रिकाम्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे दगडी रस्त्यावरून बॅग ओढत जावं लागलं. चूक माझीच.

(गाडी रोज नसते, शनिवार-रविवार धरूनच बेत आखा. साऊं जुआंवच्या स्टेशनात रेल्वेचं संग्रहालय आहे, तासभर आधी पोचलात तर वेळ सार्थकी लागेल.)

आम्ही उतरलो ते एका सत्तरीच्या बाईंच्या घरगुती मुक्कामाला. खोलीत सगळं ठीक होतं, फक्त न्हाणीघरात शॉवरच्या तोंडालाच विजेची वायर जोडलेली. पाणी तिथेच तापून अंगावर पडतं. आयुष्यभर 'ओल्या हाताने बटण लावू नको' हे ऐकलेलं माणूस वायरखाली उभं कसं राहणार? बाहेर दहा अंशांची थंडी, म्हणून राहिले. युक्ती अशी की नळ जितका कमी सोडाल तितकं पाणी कढत. म्हणजे थंडीत तुम्हाला धार मिळते ती करंगळीएवढी.

रात्री पाँव दि केइजू, म्हणजे चीजचे छोटे गोल पाव. ते गव्हाचे नसतात, कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चचे असतात. आपला साबुदाणा होतो तोही याच कंदापासून, आणि हा कंद मूळचा इकडचाच. म्हणजे आपला उपास ब्राझीलच्या जिवावर चाललाय. "मग हे उपासाला चालतील की!" मी म्हटलं. भाच्याने शांतपणे सांगितलं, "मावशी, यात अंडं असतं."

शनिवार: सोनं, साखळी आणि भेंडी

इथल्या दगडी रस्त्यांना 'पे दि मुलेकी' म्हणतात, शब्दशः पोराचा पाय. याच नावाची मिठाईही मिळते: शेंगदाणे आणि रापादुरा. रापादुरा म्हणजे उसाचा गूळ. थोडक्यात चिक्की! उंचसखल दगड मातीत बसवलेला रस्ता खरोखर लोणावळ्याच्या चिक्कीसारखा दिसतो. आणि तितकाच दातखाऊ: माझ्या सँडलचा पट्टा सकाळी साडेनऊलाच तुटला. सपाट, जाड तळाचे बूट आणा. हे मी कळवळून सांगते आहे.

सांत आंतोनियूचं मुख्य चर्च गावाच्या डोक्यावर आहे. बांधकाम 1710 चं. दर्शनी बाजूचा आराखडा शंभर वर्षांनी, 1810 मध्ये, अलेइजादिन्यूने केला असं मानतात. अलेइजादिन्यू, म्हणजे 'छोटा पांगळा', हेही टोपणनावच. मिनासचा हा सर्वांत मोठा शिल्पकार. रोगाने हातापायांची बोटं झडली, तेव्हा तो हत्यारं हाताला बांधून काम करायचा असं सांगतात. या राज्यात माणसाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखायची पद्धतच नसावी.

बाहेरून चर्च पांढरं, साधं. दार ढकललं की डोळे दिपतात. भिंती, वेदी, खांब, देवदूतांच्या गालांपर्यंत सगळीकडे सोन्याचा वर्ख. साडेचारशे किलोहून जास्त सोनं लागलं असं गावात जो तो सांगतो. आम्हाला फोटो काढू दिले नाहीत, एका परीने बरंच झालं. वर माळ्यावर ऑर्गन आहे, 1788 मध्ये पोर्तुगालच्या पोर्तूहून आणलेला. हा ऑर्गन समुद्र ओलांडून, मग खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढून इथे आला. आणि उलट्या दिशेने त्याच वाटेने सोनं खाली गेलं.

त्या सोन्यातला पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा. आपल्याकडे चौथ, यांच्याकडे पाचवी. पुढे ठरलं की राज्याने वर्षाला शंभर अरोबा, म्हणजे सुमारे दीड हजार किलो सोनं द्यायचंच. खाणी आटल्या तरी आकडा तोच. थकबाकी साचली, आणि ती सगळ्यांकडून सक्तीने वसूल करायचं घाटू लागलं. शेतसाऱ्याची गोष्ट माहीत असलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको.

चर्चपासून थोडं खाली पाद्री तोलेदूचं घर आहे, आता संग्रहालय. हा इथला मुख्य पाद्री, पैसेवाला, रसिक. एका खोलीच्या लाकडी छतावर पाच इंद्रियांची चित्रं रंगवली आहेत: कुणी ऐकतंय, कुणी हुंगतंय. मी मान वर करून इतका वेळ उभी राहिले की तिथल्या तरुण मुलीने खुर्ची आणून दिली. पोर्तुगीज राजवट उलथवायच्या कटात हा पाद्री होता. कटवाल्यांत कवी होते, वकील होते, जमीनदार होते, आणि एक साधा सैन्यातला निशाणबरदार होता. तो फावल्या वेळात दात उपटायचा. जुआकीं जुझे दा सिल्वा शाविएर.

बंडाचा मुहूर्त धरला होता वसुलीच्या दिवसाचा. 1789 मध्ये त्यांच्यातल्याच एका कर्जबाजारी माणसाने, स्वतःचं सरकारी देणं सुटावं म्हणून, फितुरी केली. तीन वर्षं खटला चालला. बड्यांची शिक्षा हद्दपारीवर आली, पाद्री तोलेदू लिस्बनला कैदेत गेला तो परतलाच नाही. फासावर चढला एकटा दातउपट्या, 21 एप्रिल 1792 रोजी रिओत. देहाचे तुकडे करून मिनासकडे येणाऱ्या रस्त्यावर टांगले. पुढे 1889 मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताकाला हुतात्मा हवा होता, आणि साऊं जुझे देल रेई हे या गावाचं राजघराण्याच्या मानाचं जुनं नाव त्याच वर्षी पुसून याचं दिलं. 21 एप्रिलला आज देशभर सुट्टी असते.

हे ऐकताना मला सारखा गोवा आठवत होता. आम्ही वेंगुर्ल्याचे, कांदोळी काही फार लांब नाही. तिथल्या पिंतो घराण्याच्या वाड्यात 1787 मध्ये, म्हणजे याच्या फक्त दोन वर्षं आधी, याच राजवटीविरुद्ध कट शिजला. तिथेही पाद्री, तिथेही सैन्यातले लोक, तिथेही फितुरी. पंधरा जणांना पणजीत देहदंड झाला आणि पाद्र्यांची रवानगी लिस्बनला. खुर्ची देणाऱ्या मुलीला भाच्यामार्फत हे सांगितलं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं आणि वहीत 'कांदोळी' लिहून घेतलं.

एक मजा राहिलीच. दातउपट्या जन्मला या गावाबाहेर, पोंबाल नावाच्या शेतवाडीत, 1746 मध्ये. ती वाडी आज रितापुलिस या शेजारच्या नगरपालिकेत मोडते. साऊं जुआंवही हक्क सांगतं. आणि पुतळ्यांमध्ये त्याला येशूसारखी लांब दाढी असते, खरं तर फाशी देताना त्याची हजामत केलेली होती.

दुपारी जेवायला फ्रांगू कों कियाबू. कियाबू म्हणजे भेंडी! आफ्रिकेतून गुलामांबरोबर आली आणि मिनासची झाली. बुळबुळीत न होता, कोंबडीच्या रश्श्यात, सोबत आंगू म्हणजे मक्याच्या पिठाची बिनमिठाची उकड. बाजूला कोवी नावाची पालेभाजी, सुतासारखी बारीक चिरून लसणावर परतलेली. आपला 'कोबी' हा शब्द याच कोवीवरून आला, फक्त आपण तो गड्ड्याला चिकटवला. शेवटी पेरूची घट्ट वडी आणि पांढरं ताजं चीज. या जोडीला इथे 'रोमिओ आणि ज्युलिएट' म्हणतात. वडी तोंडात टाकली आणि म्हापशाच्या बाजारातलं पेराद आठवलं. अगदी तेच.

(शाकाहारींसाठी: 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. बेकन आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे हे इथे मांसात धरतच नाहीत. राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांचा 'त्रोपेइरू' निरागस दिसतो, आणि त्यात हमखास बेकन असतं. एकेक पदार्थ विचारून घ्या.)

संध्याकाळी लार्गू दास फोर्रास या चौकात गेलो. फोर्रास म्हणजे मुक्त झालेल्या गुलाम बायका, त्यांच्यावरून चौकाचं नाव. जून म्हणजे संत जुआंवचे दिवस, जवळच्या एका अंगणात होळीसारखा जाळ पेटवलेला. आलं, लवंग, दालचिनी घालून उकळलेली उसाची दारू, तिचं नाव केंतांव. एक पेला घेतला, थंडी पळाली, मग रिंगणात ओढलं तर गेलेही. नाच सांगणारा मध्येच ओरडतो, "साप आला रे!" सगळे किंचाळत उलट फिरतात. मग तो म्हणतो, "खोटं आहे!" आणि सगळे पुन्हा सुलट. मी प्रत्येक वेळी एकटीच चुकीच्या दिशेला होते.

रविवार: शिंप्याचं गाव

सातेक किलोमीटरवर बिशिन्यू नावाची वस्ती आहे, शेजारच्या प्रादुस नगरपालिकेत. आम्ही चालत निघालो आणि निम्म्या वाटेत एका दुधाच्या गाडीत बसलो.

बिशिन्यू हे लाडाचं नाव, 'छोटासा जीव'. कागदोपत्री नाव वितोरियानू वेलोझू, आणि हाही कटातलाच माणूस. कृष्णवर्णीय वंशाचा शिंपी. फितुरी झाल्याचं कळताच हिपोलिता जासिंता या जमीनदारणीने सावध करणाऱ्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्या घेऊन घोड्यावरून निघाला तो हा. शिक्षा देताना कवींना आणि वकिलांना नुसती हद्दपारी. याला आधी फाशीच्या खांबाभोवती फिरवत चाबकाचे फटके, मग मोझांबिक. दातउपट्याचे पुतळे पन्नास ठिकाणी आहेत. शिंप्याच्या नावाची ही वस्ती, आणि तीसुद्धा लोक बिशिन्यूच म्हणतात.

गावात एकच मोठा रस्ता आणि दोन्ही बाजूंना कारागीर. जुन्या पाडलेल्या घरांच्या लाकडाची कपाटं, हातमागावरची जाड सुती पांघरुणं, पत्र्याचे रंगीत पक्षी. एका म्हाताऱ्या सुतारापाशी थांबले. तो एका लाकडाच्या ओंडक्यातून परातीएवढं पसरट भांडं कोरत होता. वाकस मारायचा, भुसा फुंकायचा, मग अंगठा आतून फिरवून बघायचा, डोळ्यांनी नाही. विचारलं, याला काय म्हणतात?

"गामेला."

मी भाच्याकडे बघितलं, भाचा माझ्याकडे. घमेलं! गवंड्याच्या डोक्यावरचं, सिमेंट कालवायचं, आपलं घमेलं. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आलं, तेव्हा असं लाकडाचं होतं. सुताराला सांगायचा प्रयत्न केला की भारतात आम्ही हेच नाव लोखंडाच्या भांड्याला देतो. तो म्हणाला, "उआय!" हा मिनासचा खास उद्गार, 'अगं बाई' पासून 'मग काय तर' पर्यंत सगळं त्यात येतं. मग त्याने चावी, बादली, पगार, बटाटा हे शब्द एकेक करून माझ्याकडून वदवून घेतले आणि दर शब्दाला मान हलवली. पगाराला मात्र हसला. त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे देणं, घेणं नव्हे.

गामेला विकत घेतली. दोन किलोची तरी असेल. भाचा म्हणाला, "मावशी, विमानात काय डोक्यावर घेणार आहेस?"

सोमवार: बंद दारं

सोमवारी इथे बरंच काही बंद असतं. हे मला आधी कळलं असतं तर रोझारियूचं चर्च मी शेवटावर ठेवलं नसतं. गुलामांनी स्वतःसाठी बांधलेलं हे चर्च, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. दिवसभर खाण किंवा मालकाचं काम, आणि हे काम रात्री, असं सांगतात. वरच्या चर्चसारखी चुन्याची पांढरी भिंत नाही, दर्शनी बाजू उघड्या दगडाची. आत काळे संत आहेत, संत बेनेदितू वगैरे. ते आमच्या मुक्कामाच्या बाईंनी सांगितलेलं, कारण दाराला कुलूप होतं. पायऱ्यांवर बसून संत्रं खाल्लं आणि उठलो.

मग साऊं जुझेचा शाफारीज, म्हणजे सार्वजनिक पाणवठा, 1749 चा. दगडात कोरलेल्या तीन तोंडांतून अजून पाणी पडतं. मागच्या जंगलातल्या झऱ्यातून दगडी पाटाने येतं. पूर्वी इथे पिण्याचं, धुण्याचं आणि जनावरांचं अशा तीन वेगळ्या सोयी होत्या. पाणी इतकं गार की दात ठणकले. (इथे दात ठणकला तर कुणाचं नाव घ्यायचं?)

साऊं जुझेचा डोंगर गावामागे भिंतीसारखा उभा आहे. त्यावर गुलामांनी घातलेली दगडी वाट आहे. तासभर चढलो, वरून कौलं आणि चर्चचे दोन बुरूज दिसले. हा डोंगर चतुरांसाठी राखीव आहे, हो, आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधायचो तेच चतुर! थंडीत फारसे नव्हते. एक लाल दिसला.

निघताना बाईंनी कॉफी दिली, आणि मी विचारलंच, की इतकं जुनं गाव इतकं जसंच्या तसं कसं राहिलं? 1938 मध्ये सरकारने संरक्षित केलं हे मी वाचलं होतं. बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी कुणाकडे पाडायला पैसे नव्हते. माझ्या आईला या घराची लाज वाटायची. ज्याच्याकडे चार पैसे आले तो साऊं जुआंवला जाऊन सिमेंटचं घर बांधायचा." आता चौकाभोवतीची घरं बाहेरच्यांनी घेतली आहेत, हॉटेलं आणि दुकानं झाली आहेत, आणि बाईंची दोन्ही मुलं गावाबाहेर, सिमेंटच्या घरात राहतात. त्यांना तेच परवडतं.

बसमध्ये भाच्याने कानूदूचा पुडा फोडला. आटवलेल्या गोड दुधाने भरलेल्या या कुरकुरीत नळ्या गावातच खायच्या असतात, दोन तासांत मऊ पडतात. आम्ही बेलो होरिझोंतेपर्यंत सगळ्या संपवल्या, मऊ तर मऊ.

गामेला पुण्याला पोचली, साड्यांत गुंडाळून. आमच्या कामाच्या ताईंनी ती ओट्यावर बघितली आणि विचारलं, "वहिनी, हे लाकडाचं घमेलं कुठून आणलंत?" मी काहीच सांगितलं नव्हतं हो. सध्या त्यात कांदे-बटाटे आहेत.